सायकलवालीचं वय सोळा

माझी भाची काउन्सेलर आहे. दवाखान्यात एक्स-रेच्या मागच्या खोलीत बसते. जन्मापासून एचआयव्ही असलेली मुलं वयात आली की त्यांच्याशी बोलायचं, हे तिचं काम. वय बेचाळीस, लग्न केलं नाही, माझ्याकडे राहते. घरात दोघीच, आणि दोघींनाही बोलायचा कंटाळा. तिला दिवसभर बोलून, मला मुळातच.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्याने या मुलांसाठी मोबाइल अ‍ॅप काढलं. बाहेरून दिसायला कॅल्क्युलेटर, म्हणजे घरी कुणी नाक खुपसायला नको. आत गोळीची आठवण, मन कसं आहे ते विचारणारे प्रश्न आणि टोपणनावाने गप्पा मारायची जागा. कोणत्या नावामागे कोण, हे काउन्सेलरलाही कळत नाही. तीन आठवडे तिथे कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे नुसते डोकावून जायचे.

तेव्हा आमच्या बाईने अक्कल चालवली. ‘सायकलवाली’ या नावाने स्वतःच आत शिरली. वय लिहिलं सोळा. ‘आज गोळीने उलटी झाली, कुणाला होते का?’ असं ठोकून दिलं. सहा जणांनी उत्तरं दिली. अ‍ॅप धावायला लागलं, साहेब खूश.

कोंडी फुटल्यावर सायकलवालीने गाशा गुंडाळायला हवा होता. नाही गुंडाळला. कारण ‘दीडशहाणी’. आईवडील गेलेले, काकाकडे राहणारी मुलगी. घरात तिचा पेला वेगळा. पेल्याने हा आजार पसरत नाही हे त्या काकाला कोण सांगणार? ती बोलायची फक्त सायकलवालीशी. भाची रोज संध्याकाळी ताट पुढ्यात घेऊन तिला लिहीत बसायची, आणि लिहिता लिहिता खरंच लिहू लागली. घरात माणूस आहे पण बोलायला कुणी नाही, जेवताना स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू येतो, वगैरे. ते माणूस म्हणजे मी. लागलं मला, पण खोटं नव्हतं.

मग एक दिवस दीडशहाणीने लिहिलं, ‘गोळ्या घेऊन वीट आलाय गं. सोमवारी दवाखान्यात वजनकाट्यापाशी भेटलीस तर पुढच्या घेईन. नाहीतर राहिलं.’

त्या दिवशी भाचीने मला सगळं एका दमात सांगितलं.

“सायकलवालीच्या वडिलांची बदली झाली असं लिहून टाकते.”

“म्हणजे आणखी एक जण तिला सोडून गेला. शाबास!”

“मग काय सांगू? मी बेचाळीस वर्षांची आहे आणि मला काहीही झालेलं नाही?”

“हो, तेच.”

“मावशी, तिने गोळ्या सोडल्या तर?”

मी ताट तिच्यापुढे सरकवलं. “आधी जेव,” म्हटलं.

सोमवारी भाची वजनकाट्यापाशी जाऊन उभी राहिली. दोन वेण्यांची एक किडकिडीत मुलगी आली.

“मॅडम, जरा बाजूला होता का? मला इथे मैत्रीण भेटणारे.”

“मीच ती.”

मुलगी हसली. “काहीही हं, मॅडम!” भाचीने मोबाइल पुढे धरला. मुलगी वाचत राहिली.

“ती उलटी?”

“खोटी.”

“जेवताना आवाज येतो ते?”

“ते खरं आहे.”

“तरीच. इतकं शुद्ध कोण लिहितं!” मग म्हणाली, “तुम्हाला तुमच्या वयाचं कुणी मिळालं नाही का?”

भाचीने मोबाइल मागे घेतला.

“आता मला सगळं पुन्हा पहिल्यापासून कुणाला तरी सांगायला लागणार,” मुलगी म्हणाली आणि वळली.

ती दाराकडे न जाता औषधांच्या खिडकीशी रांगेत उभी राहिली. भाची पुढे गेली नाही, लांबूनच कान देऊन होती. खिडकीतल्या माणसाने विचारलं, “नेहमीसारख्या तीन महिन्यांच्या देऊ ना?”

“एकाच महिन्याच्या द्या. पुढचं बघू.”

भाचीने साहेबांना सगळं सांगितलं. तिला अ‍ॅपवरून काढलं, ते बरोबरच झालं. दीडशहाणीने तिथे पुन्हा एक अक्षर लिहिलेलं नाही असं कळतं. माझी भाची आता मोबाइल बाजूला ठेवून जेवते, आणि मी समोर बसून काहीबाही विचारते. तिचं लक्ष नसतं.

त्या मुलीचा महिना येत्या गुरुवारी संपतोय.