अर्ध्या फोटोतला नवरदेव

फटफट्या बनवणाऱ्या कंपनीनं कॅमेरे बनवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. पण अशाच एका कॅमेऱ्यामुळे माझं लग्न जमलं, म्हणून ते मी घरात बोलत नाही.

साठ सालाच्या आसपास बोटीवर नोकरीला असलेल्या मामानं तो अमरावतीला आणला. मुठीत मावेल एवढा. एका फोटोच्या जागेत तो दोन अर्धे फोटो काढी. (फटफटीवर डबलसीट बसवायची कंपनीची सवय असणार!) मामानं एक फोटो माझा काढला, अकोल्याकडच्या एका स्थळाला पाठवायला; आणि लगेच दुसरा शेजारच्या देवकाबाईंच्या म्हशीचा. स्टुडिओवाल्यानं असला कॅमेरा जन्मात पाहिला नव्हता. त्यानं दोन्ही अर्धे मिळून एकच फोटो छापला आणि आईच्या घाईपायी परस्पर टपालात टाकला.

चौथ्या दिवशी मुलीचे वडील, बार्शीटाकळीचे पाटील, दारात हजर. त्यांनी मला ओझरतं न्याहाळलं.

"पोरगं ठीक हाय. म्हैस कुठी हाय?"

"म्हैस?" आईनं विचारलं.

त्यांनी खिशातून फोटो काढला. डावीकडे मी, उजवीकडे म्हैस, मधे काळी पट्टी. पाटलांना तो गोठ्याचा खांब वाटला होता.

"मास्तर असून म्हैस पाळते, म्हून आलो."

म्हणजे म्हैस नाही, तर लग्न नाही. मुलीचा फोटो मी तोवर सतरा वेळा पाहिला होता! आई कानात पुटपुटली, "जाय, मागच्या दारानं देवकाबाईची म्हैस घेऊन ये."

आणली. पाटील म्हणाले, "काढा धार."

मी भूगोलाचा मास्तर. बसलो, तोही चुकीच्या बाजूनं. पहिल्याच लाथेत बादली तुळशीपाशी आणि मी शेणात! तेवढ्यात देवकाबाई आल्या.

"माह्या म्हशीले इथं कोनं आनलं?"

मग मात्र मी सगळं कबूल केलं. शेणाच्या हातांनीच कॅमेरा उघडून अर्ध्या फोटोंचा घोळ समजावला. पाटलांनी फोटो परत खिशात घातला.

"धार काढता येत नाई, खोटं बोलता येत नाई. पोरगं सुदं हाय. देल्ली पोरगी."

दिवाळसणाला सासरी गेलो, तर बैठकीच्या भिंतीवर तोच फोटो, फ्रेम करून. ऊर भरून आला. जवळ जाऊन पाहतो, तर काळ्या पट्टीवरून नीट कात्री चालवलेली.

"पुरा मावत नोता," सासरे म्हणाले.

त्यांनी म्हैस ठेवली होती.