आपल्याकडे घ्या

नवरा जाऊन महिना झाला होता आणि मला काहीच वाटत नव्हतं. भेटायला येणाऱ्या बायका गळ्यात पडून रडायच्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची आणि मनात म्हणायची, स्टोव्हवर दूध आहे, लवकर आटपा. काविळीनं धडधाकट माणूस बघता बघता गेला होता. मी रडत नाही याची काळजी सगळ्या नातेवाइकांना होती. मला त्या काळजीचा कंटाळा आला होता.

इंदिरानगरात तेव्हा आमच्या घरापाशी वस्ती संपायची. पुढे नुसतं मोकळं रान. घरात आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. आता मी राहायचं कुठं, हा प्रश्न होता. एकट्या सासऱ्याच्या घरात तरणी विधवा सून म्हटल्यावर लोक बोलणारच. माहेरी गेले तर भाऊ-भावजयीच्या संसारात एक ताट वाढणार. कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं, पण सगळे माझे वडील कधी येतात याची वाट बघत होते. ते येऊन काय ते ठरवतील, असं धरून चाललेलं होतं.

एका रविवारी ते निफाडहून एसटीनं आले, पिशवीभर कांदे घेऊन. दुःखाच्या घरी कांदे आणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, पण शेतकऱ्याला रिकाम्या हातानं येणं जमत नाही. सासरे निवृत्त मास्तर, मराठी शिकवायचे. माणूस सज्जन, पण बोलणं असं की समोरच्याला उगाच उठून उभं राहावंसं वाटावं. दूधवाल्यालासुद्धा ते 'आपण उद्या जरा लवकर याल का' असं विचारायचे. व्याह्यांशी तर विचारूच नका.

चहा पिता पिता विषय निघाला. मी स्वयंपाकघरात होते. सासरे म्हणाले, "मोटारसायकल घेऊन जावी, अशी माझी इच्छा आहे. इथे ती चालवणारं कोणी नाही. आणि सूनबाई आपल्याकडेच राहू दे."

वडिलांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "बरं गुरुजी. तुमी म्हणाल तसं."

एवढंच. माझं उरलेलं आयुष्य त्या दोघांनी चहाच्या एका कपात ठरवलं. नक्की काय ठरलं ते मला कळलं नाही, आणि बाहेर जाऊन विचारावं इतकीही हौस नव्हती. मी तांदूळ धुतले. कुठंही राहिले तरी भात लावायचाच होता.

गाडी अंगणात उभी होती. लग्नात माझ्या वडिलांनीच दिलेली. उभ्या उभ्या तिच्या मागच्या चाकातली हवा गेली होती. चाक काढून पंक्चरवाल्याकडे न्यायचं, मग वडील ती चालवत गावी नेणार, असं ठरलं. सासऱ्यांनी नवऱ्याची हत्यारांची पेटी आणली. धुतलेला पायजमा घालून ते गाडीच्या सीटच्या अंगाला पाटावर बसले. वडील मागच्या दिव्यापाशी, जमिनीवरच उकिडवे बसले. अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाकातून आरपार जाणाऱ्या दांड्याच्या, एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला डोकं. नट फिरवताना डोकंही फिरू नये म्हणून ते मी पलीकडून पान्यानं धरायचं होतं.

नट हलेना. गंज चढला होता. सासऱ्यांनी त्यावर रॉकेल सोडलं, हातोडीनं हलकेच ठोकलं, थोडं थांबले, पुन्हा ठोकलं. आमचे हे कुठलाही नट आवळताना शेवटी एकदा पान्यावर पाय द्यायचे. मी ओरडायची, तुटेल ना. ते हसायचे. म्हणजे त्यांच्या पायाचा जोर अजून त्या नटात होता. हे मला नीट कळत होतं. त्यानं पोटात काहीतरी व्हायला हवं होतं, आणि मी वाट बघत बसले, पण काही झालं नाही. फक्त पाना धरून हात बधिर झाले.

जोर वाढावा म्हणून वडिलांनी नटावरच्या पान्याला लोखंडी नळी लावली. नळी उभी राहिली, बरोबर दोघांच्या मधे.

"हं, आता आपल्याकडे घ्या," सासरे म्हणाले.

वडिलांनी नळीवर छाती टेकून ती सासऱ्यांच्या अंगाला लोटली. नट करकरला.

"आपल्याकडे, आपल्याकडे."

वडिलांनी आणखी जोर केला. त्यांच्या कपाळाची शीर फुगली. माझ्या हातातला पाना असा ओढला जात होता की मला दोन्ही पाय रोवावे लागले.

"अहो, आवळतोय तो," सासरे म्हणाले. "आपल्याकडे म्हणालो ना मी."

"आपल्याकडंच तं घेतोय."

"ही माझी बाजू झाली."

"मंग? आपली म्हंजी कोणती?"

"आपली म्हणजे तुमची," सासरे म्हणाले. 'तुमची' हा शब्द वडिलांसमोर मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

वडिलांनी नळी आपल्या अंगाला खेचली. कट्‌ असा आवाज झाला आणि नट सुटला. आनंद कुणालाच झाला नाही. वडील नळी हातात धरून तसेच बसले होते.

"मंग गुरुजी, सकाळी बोलले ते? पोरगी आपल्याकडं राहू दे?"

"तेच. आपल्याकडे. तिच्या आईजवळ." सासऱ्यांचा आवाज बारीक झाला. "मी या वयात तिला काय देणार? तिचं सगळं आयुष्य पुढे आहे. म्हणून म्हटलं, घेऊन जा."

"मला वाटलं इथं. तुमच्यापाशी. मनात म्हणलं, पोरगा गेला, आता सूनबी नेली तं हा माणूस लय एकटा पडंल. म्हणून बरं म्हणलो. घरी हिच्या आईला काय सांगू, त्याचाच इचार करीत होतो."

मला महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि तो राग होता. दोघांनीही मोठ्या मनानं मला एकमेकांना देऊन टाकलं होतं, आणि मी मधे अ‍ॅक्सल धरून बसले होते. नट जाम झाला नसता तर संध्याकाळी वडील गाडीवर एकटेच निघाले असते आणि सासरे माझी पेटी घेऊन फाटकात उभे राहिले असते.

"बाई," वडील म्हणाले, "आता तूच सांग."

दोघं माझ्याकडे बघत होते. मी पाना खाली ठेवला. राग टिकला नाही, आला तसा गेला.

"मी इथं राहते," मी म्हणाले. "गाडी तेवढी न्या."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. वडिलांनी मान हलवली. माझी माया सासऱ्यांवर, असं दोघांनीही धरलं, आणि पुढं सगळ्या नात्यात तेच पसरलं. माया होती, नाही असं नाही. पण कारण ते नव्हतं. आमचे हे रोज त्या गाडीवर कामाला जायचे, आणि संध्याकाळी माझे कान फाटकाकडे लागायचे. कानांची ती सवय गेली नव्हती. पण गाडी दारात उभी असली की माणूस घरात असायला हवा, आणि घरात ते नव्हते. गाडी दारात नसली म्हणजे ते बाहेर गेलेले, एवढंच. अजून यायचे असलेले.