तिण्णैवरचा पोलीस

विशालाक्षीअक्का कुणावर सहजी विश्वास ठेवायची नाही. मी तिची भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण, तरी मी नेऊन दिलेली कढीपत्त्याची डहाळी ती उलटीपालटी करून बघायची. कुंभकोणातल्या आमच्या मराठी गल्लीत तिचं घर पहिलंच. धाकटा भाऊ सेतू आणि त्याची बायको गोमती तिच्याजवळ राहायची. तरुणपणीच नवरा गेला, मूल नाही, तेव्हा तिचा सगळा जीव सेतूत.

सेतू छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. शेतमजुरांच्या संपाची पत्रकं जुळवली म्हणून दीड वर्ष तुरुंगात राहून आला. एक्कावन्न साली तो सुटला, पण ठाण्याच्या वहीतून त्याचं नाव काही सुटलं नाही. रोज दुपारी चार वाजता महालिंग नावाचा तमिळ शिपाई यायचा आणि दारापुढच्या ओट्यावर, म्हणजे आमच्याकडच्या तिण्णैवर, भिंतीला पाठ लावून बसायचा. घरात कोण आलं, कोण गेलं, हे बघायचं त्याचं काम. पगार घेऊन दुसऱ्याचं दार बघत बसायचं, याला मी तरी काम म्हणणार नाही.

अक्का मला घेऊन शंकरनारायण वकिलांकडे गेली. वकील म्हणाले, "तुमची तिण्णै तीन पिढ्या येणाऱ्याजाणाऱ्याला मोकळी आहे, अम्मा. हवं तर उठवा त्याला. तो पाच हातांवर रस्त्यात उभा राहील. उंबरा ओलांडला, तर मात्र कागद मागा."

"आणि आमचं घरातलं बोलणं?"

"घटनेत बोलायचं स्वातंत्र्य लिहिलंय. कुणी ऐकू नये, असं कुठं लिहिलेलं मला तरी सापडत नाही."

परत येताना अक्का हसली. "ऐकूं दे मेल्याला. अमचं मराठी त्याला काय समजतें?" डोळ्यांसमोर बसलेला बरा, असं म्हणून ती त्याला रोज पेलाभर ताकही देऊ लागली.

पण कुठंतरी पाणी मुरत होतं. सेतू विणकरांना भेटायला दारासुरमला जाणार, हे बोलणं फक्त घरात झालं होतं. तो पोचला तेव्हा पोलीस आधीच हजर. दोनदा असं झालं. छापखान्याच्या मालकानं सांगितलं की पुन्हा पोलीस माझ्या दारात आले तर तुझं काम गेलं. फौजदारानं सांगितलं की आणखी एकदा सापडलास तर आत टाकीन. अक्काच्या तोंडचं पाणी पळालं. घरात माणसं तीन, त्यातलं एक परक्या घरातून आलेलं.

गोमतीचं माहेर तिरुविडैमरुदूरचं, आणि तिचा मामेभाऊ तिथल्या ठाण्यात कारकून. अक्काला एवढं पुरलं. तिनं सापळा लावला. एका संध्याकाळी पुढच्या खोलीत तांदूळ निवडता निवडता ती गोमतीला म्हणाली, "एकादशीला मरुदानल्लूरच्या भजनाला सेतूचे दोघे सोबती येणार अहेत. कोणालाही सांगूंनको." असे कोणी सोबती नव्हतेच. सेतूलाही तिनं यातलं काही कळू दिलं नाही. एकादशीला साध्या कपड्यांतले दोन पोलीस अख्खं भजन संपेपर्यंत खांबाला टेकून उभे होते.

झालं. गोमती रडली, देवावर हात ठेवायला तयार झाली. सेतू खाली मान घालून बसला. अक्कानं मला विचारलं, "तुज काय वाटतें?" आणि मी मान डोलावली. आज सांगताना लाज वाटते, पण डोलावली. दुसऱ्या दिवशी गोमतीला माहेरी धाडलं.

त्यानंतर दीड महिन्यानं, मी अक्काच्या दारातच उभी होते. तिनं महालिंगाच्या हातात पेला दिला, तेवढ्यात आतून सेतू ओरडला, "अक्का, तें ताक देऊंनको! मांजरानं तोंड घातलें त्यांत!"

महालिंगानं ओठांपर्यंत नेलेला पेला खाली ठेवला.

मग तो ओशाळून, आमच्याच मराठीत म्हणाला, "तीन वर्षं बसलों इथें, अक्का. किती दिवस समजणार नाहीं?"

पुढच्या खोलीपासून तिण्णै दोन पावलांवर होती. सापळा लावताना अक्का मोठ्यानं बोलली होती, कारण मराठीत बोलताना आम्ही कधीच आवाज खाली करत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी तिरुविडैमरुदूरला गेलो. वयानं वीस वर्षांनी लहान असलेल्या भावजयीचे पाय अक्कानं धरले. गोमतीनं तिला उठवलं, ट्रंक भरली आणि आमच्याबरोबर आली.

आली, पण बोलणं माहेरीच ठेवून आली. वाढू का, मीठ संपलं, कपडे वाळले, एवढंच बोलायची. सेतूशीही तेवढंच. रात्री भिंतीपलीकडून त्या दोघांचं हसणं ऐकू यायचं, ते बंद झालं. अक्कानं तिला बांगड्या केल्या, चिडून बघितलं, माझ्यापाशी येऊन रडली.

अठ्ठावन्न साली सेतूचं नाव वहीतून निघालं आणि महालिंग यायचा थांबला. त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले. अक्कानं भर दुपारी दार लावलं, खिडक्या लावल्या आणि गोमतीसमोर जमिनीवर बसली.

"आतां बोल ग कांहीं. आतां कोणी ऐकत नाहीं."

गोमतीनं हातातलं शिवण खाली ठेवलं नाही.

"तुम्ही ऐकतां कीं, अक्का."