न वाचलेले तोटे
विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराला गावात दोन कामं उरतात: शोकसभेत बोलणं आणि सरकारी कागद सोप्या भाषेत सांगणं. घाटंजीकडच्या आमच्या टेकडीवर पवनचक्क्या येणार म्हटल्यावर ग्रामसभेत त्यांचे फायदे-तोटे वाचायला मलाच बोलावलं. कागद मीच तयार केला होता. एक पान फायद्यांचं, एक तोट्यांचं.

मंडपात कंपनीच्या पाहुण्यांसाठी झालरीचा सोफा मांडला होता. अशा सोफ्यांची मी जन्मभर टिंगल केली आहे. त्या दिवशी मलाही त्यावर बसवलं, आणि तो फार मऊ होता.

फायदे मी खणखणीत वाचले. कोळसा नको, धूर नाही, खांबाभोवती शेती करता येते. त्यात खोटं काहीच नव्हतं. पान उलटलं तेव्हा शेजारच्या पाहुण्याने घड्याळ पाहिलं. मागे पंगतीची मांडामांड चालली होती. "तोटे तसे किरकोळ आहेत," म्हणालो आणि कागदाची घडी केली.

तेवढ्यात टेकडीखालच्या तांड्यातली याडी उठली. याडी म्हणजे आई; सगळा तांडा तिला तेच म्हणतो, मीही. तिची चारही लेकरं माझ्या वर्गात शिकली. पहिला खांब टेकडीच्या उतारावर तिच्याच शेतात, घराच्या मागे येणार होता.

"गुरुजी, तूर उपणाच्या टायमाले मी सूप धरून उभी राह्यतो. कवा कवा दोन-दोन घंटे वारा येत नाही. तवा हे काय करन?"

माझ्या दुसऱ्या पानावरचा तो पहिलाच मुद्दा होता. मी म्हणालो, "याडी, तो वरचा वारा आहे. तुह्या सुपात मावत नाही."

सभा हसली. सोफाही हसला.

"अन् आवाज?"

"पंख्याएवढा."

तोवर मी एकाही पवनचक्कीखाली उभा राहिलो नव्हतो. जे वाचलं होतं, ते घडी करून खिशात ठेवलं होतं. गुरुजी म्हणतात म्हणून तिने अंगठा दिला.

आता चक्की फिरते. सकाळी पात्यांची सावली तिच्या चुलीवरून एकामागून एक जात राहते. घरात आवाज भरून असतो. वारा पडला की याडी झोपून घेते, मग दिवस असो की रात्र. कंपनीने घर दूर बांधून द्यावं, असा तिने अर्ज केला. उत्तर आलं: सभेत तोटे वाचून दाखवले होते, तशी नोंद आहे. नोंदीखाली सही माझी.

कागद घेऊन ती माझ्या ओसरीवर आली. चिडलेली नव्हती; चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"लिहून द्या ना जी, वाचले नाही म्हणून."

मी लिहिलं: 'वेळेअभावी तोटे वाचता आले नाहीत.'

"वाचून दाखवा."

वाचलं.

"टाइम तर होता, गुरुजी. जेवणं झाल्यावर तुमी पाहुण्यायसंग पान खात बसले होते."

मी ते वाक्य खोडलं. 'मी तोटे वाचले नाहीत.' एवढं लिहायला चहा थंड होईपर्यंत वेळ लागला. सहीखाली हुद्दा लिहायची सवय आहे. हात 'सेवानिवृत्त'पर्यंत गेला. पुढे 'विज्ञान शिक्षक' लिहवेना.