गार्डकाकांच्या कानातलं इंजिन

पोळ्यांची कणीक भिजली की गार्डकाका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत आणि सुपारीएवढा गोळा मागत. काकू वर न बघता तो तोडून देत. गोळा चिमण्यांसाठी नसे, गळाला लावायलाही नसे. तो इंजिनाला लागे. वीतभर लांबीचं डिझेल इंजिन, ज्याला खेळणं म्हटलेलं काकांना मुळीच खपत नसे, त्याच्या पोटात नखाएवढा स्पीकर होता. त्या स्पीकरच्या डबीला कुठे फट राहिली आहे का, हे काका कणकेने शोधत. एकेका सांध्यावर कणीक दाबायची आणि आवाज सुरू करायचा. जिथे दाबल्यावर आवाज एकदम भरला, तिथे गळती. मग कणीक काढून तिथे नीट गोंद लावायचा.

"स्पीकरची पाठ झाकली पाहिजे," ते सांगत. "तो पुढे बोलतो तसा मागेही बोलतो. दोन्ही बोलणी एकमेकांत मिसळली की कुणाचंच काही ऐकू येत नाही. आपल्या सोसायटीची मीटिंगच बघा ना."

काका मालगाडीचे निवृत्त गार्ड. बदलापूरला हेंद्रेपाड्यात त्यांचं घर तळमजल्यावर, माझं बरोबर त्यांच्या डोक्यावर. एका पावसाळ्यात उल्हास नदी त्यांच्या हॉलमध्ये येऊन मुक्काम करून गेली. पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी रेघ राहिली, तिच्यावर वीतभर जागा सोडून काकांनी चारी भिंतींना फळ्या ठोकल्या आणि त्यांवर रूळ टाकले. आता मालगाडी टीव्हीच्या वरून, कपाटाला वळसा घालून फिरू लागली. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "नदी गेली, पण हे ठेवून गेली आमच्याकडे."

मी पहिल्यांदा खाली उतरले ती भांडायला. शाळेत शिकवून येऊन दुपारी जरा आडवी झाले की खालून इंजिन हॉर्न देई, आणि मी दचकून उठे. तावातावाने दार वाजवलं. काकांनी दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि अगदी उत्सुकतेने विचारलं, "वर कसा येतो हो आवाज? घुमतो की कापतो?" मी म्हणाले, "कापतो." "वाटलंच मला," म्हणत ते घाईघाईने आत गेले, आणि मी भांडण हातात घेऊन दारातच राहिले. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा हॉर्न वाजवला. खरं सांगायचं तर तो पहिल्यापेक्षा पुष्कळ गोड होता. त्या दिवसापासून माझे कान काकांच्या सेवेत रुजू झाले आणि माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

स्पीकर आणायला ते उल्हासनगरच्या मोबाईल दुरुस्तीच्या बाजारात जात. एकदा मीही गेले होते. जुन्या मोबाईलमधून काढलेल्या स्पीकरांचा अख्खा डबा दुकानदाराने पुढ्यात ओतला. काका एकेक स्पीकर जोडून वाजवत, कानाशी धरत आणि बाजूला ठेवत. सिंधी दुकानदाराचा धीर सुटला. "साईं, सब एक ही माल है."

"एक कैसे?" काका म्हणाले. "ये देखो, नाक में बोलता है."

दुकानदाराने तो कानाला लावला. मग दुसरा लावला. मग त्याने गिऱ्हाइकं सोडून काकांबरोबर स्पीकर निवडायला घेतले, आणि आम्हाला निघायला संध्याकाळ झाली.

कणकेने त्यांना एकदा चांगलाच इंगा दाखवला. तपासणी झाल्यावर कणीक काढायची, हा त्यांचाच नियम. पण एकदा आवाज इतका सुरेख लागला की, त्याला आता हात लावायचा नाही, असं म्हणून त्यांनी इंजिन तसंच बंद करून ठेवलं. चार-आठ दिवसांनी इंजिन खरखरायला लागलं. झाकण उघडलं तर आतून मुंग्यांची रांग शिस्तीत बाहेर पडली आणि रुळावरून चालू लागली. काकू ओट्यापाशी इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. "सिग्नल द्या हो त्यांना," त्या म्हणाल्या.

असं सगळं हसण्यावारी नेणारा हा माणूस एकाच गोष्टीवर चिडे. त्यांच्यासारखे हौशी लोक कधीमधी आपापली इंजिनं घेऊन येत. त्यांच्या इंजिनांनी खोली दणाणून जाई. काकांचं इंजिन सुरू झालं की कुणीतरी म्हणेच, "काका, वाढवा ना थोडं. मजा येत नाही." काकांचा चेहरा उतरे. "एवढाच असतो आवाज," ते तुटकपणे म्हणत. मलाही तो कमीच वाटे. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं, तेव्हा दोन दिवस माझ्या कानांना सुट्टी मिळाली होती.

ही सगळी खटपट चालली होती ती कांबळ्यांसाठी. कांबळे म्हणजे त्यांच्या मालगाडीचे ड्रायव्हर. कितीतरी वर्षं दोघांची ड्यूटी बरोबर लागे, पण बरोबर म्हणजे एक गाडीच्या पहिल्या टोकाला आणि एक शेवटच्या, मध्ये मालाने भरलेल्या सगळ्या वाघिणी. निवृत्तीनंतर कांबळे अंबरनाथला स्थायिक झाले. पुढे साखरेने त्यांची दृष्टी नेली आणि त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं. काका भेटायला जात, तर ते भिंतीकडे तोंड करून बसलेले. विचारलं तेवढंच बोलत. एका भेटीहून आल्यावर काका मला म्हणाले, "डोळे गेले, कान आहेत ना? आपलं इंजिन ऐकवतो त्याला. ओळखलं की बोलेल बघा." हे ऐकल्यावर मला त्यांच्या कणकेचं पहिल्यांदाच हसू आलं नाही.

शेवटी एका रविवारी कांबळ्यांच्या सुनेने त्यांना रिक्षाने आणलं. "जय भीम, गार्डसाहेब," ते दारातूनच म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता. काकांनी त्यांना अगदी फळीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि इंजिन सुरू केलं. आधी गुरगुर, मग धडधड वाढत गेली, मग लांब हॉर्न. मला वाटलं, इतका सुंदर तो कधीच वाजला नव्हता. काका मित्राच्या तोंडाकडे पाहत होते.

कांबळ्यांनी बराच वेळ ऐकलं. मग मान हलवली. "राग मानू नका, गार्डसाहेब. पण हे आपलं इंजिन नाय. आपलं इंजिन छातीत वाजायचं. पायाखालचा पत्रा थरथरायचा. हे लई लांबून बोलतंय."

काका इंजिन बंद करून खाली बसले. काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी उगीचच इंजिनावरची नसलेली धूळ पुसू लागले.

"लांबून?" काका म्हणाले. मग उठले. "कांबळे, मला हात द्या. इथे नका बसू. माझ्या जागेवर या."

त्यांनी कांबळ्यांना हाताला धरून हॉलमधून नेलं, स्वयंपाकघरातून नेलं आणि पार मागच्या मोरीच्या दाराशी काकूंच्या स्टुलावर बसवलं. तिथून त्यांनी मला हाक मारली, "वाजवा हो."

मी इंजिन सुरू केलं, हॉर्न दिला आणि न राहवून त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले. कांबळे मान तिरकी करून बसले होते.

"हा मी?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच."

"सगळ्या वाघिणींच्या मागं, एवढंसंच ऐकू यायचं तुम्हाला?"

"वारा आडवा असला तर तेवढंही नाही."

"अन् तेवढ्यावर एकटे बसून राहायचा?"

"तुम्ही होतात ना पुढे," काका म्हणाले.

कांबळ्यांनी चाचपत काकांचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "ताई, परत वाजवा ओ." त्यानंतर ते जे बोलायला लागले ते काकूंनी दुसऱ्यांदा चहा टाकला तरी थांबले नाहीत.

काका-काकू आता मुलीकडे नाशिकला राहायला गेले आहेत. जाताना फळ्या उतरवल्या, बाकीची गाडी खोक्यात बांधली आणि इंजिन मात्र रुळाच्या एका तुकड्यासह कांबळ्यांना देऊन टाकलं. काकांचा फोन येतो, पण दुपारी मला फार चुकल्यासारखं होतं. परवा मुद्दाम अंबरनाथला कांबळ्यांकडे गेले. इंजिन बाहेरच्या खोलीत खिडकीत ठेवलेलं होतं. त्यांनी सुनेला ते लावायला सांगितलं, तशी मी खुर्ची ओढून त्याच्या अगदी जवळ बसले.

"तिथं नको, ताई," आतल्या खोलीच्या टोकाकडून कांबळे म्हणाले. "हितं मागं या. इंजिन हितनंच ऐकायचं असतं."