बांधावर ती चालली नाही

किन्हवलीच्या पुढे आमचं गाव. दोन वर्षांपूर्वी कॉलेजची एक मुलगी तिथं अभ्यासासाठी येत होती. म्हाताऱ्या माणसांच्या कमरेला आणि घोट्यांना ती काड्यापेटीएवढी यंत्रं पट्ट्यानं बांधायची आणि त्यांना डांबरी रस्त्यावर, सारवलेल्या अंगणात, मग भाताच्या बांधावर चालायला लावायची. जमीन बदलली की पाऊल कसं बदलतं, माणूस तोल कसा सावरतो, ते यंत्रात उतरायचं.

माझी बायको रस्त्यावर चालली, अंगणात चालली. बांधाच्या वेळी त्या मुलीला शेजारून बोलावणं आलं. "आजोबा, आजींना तुम्हीच फिरवून आणा," म्हणून ती गेली. बायको पायरीवर बसली ती उठेना. आदल्या वर्षी ती बांधावरून चिखलात पडली होती. तेव्हापासून डावा गुडघा दुखायचा.

"चल गो, एवढ्यासाठी अर्धवट राहील."

"तुमीच जा. तुमाला लय हौस."

मी पट्टे माझ्या अंगावर चढवले आणि बांधावर जाऊन आलो.

"कशी चालली मी?" तिनं हसत विचारलं.

"एकदम ताठ."

इथवर ती थट्टाच होती. पण थोड्या दिवसांनी त्या मुलीनं माझ्या फोनवर बायकोच्या चालीच्या रेघा पाठवल्या. आजी बांधावर तर रस्त्यापेक्षा छान चालल्यात, असं तिनं कौतुकानं लिहिलं होतं. मी ते चित्र कल्याणला माझ्या लेकीकडे पाठवून दिलं. लेक आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेणार होती, पुढे स्वतःकडेच ठेवून घेणार होती. मला एकट्यानं राहायचं नव्हतं. खरं कारण एवढंच. चित्र बघून लेकीला वाटलं, घाई नाही, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर बायको तापानं गेली. शेवटचे महिने ती भिंतीला धरून चुलीपासून मोरीपर्यंत जायची.

तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी लेक ओट्यावर बसून तेच चित्र बघत होती. बांधाच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, हे मी जपून ठेवणार. आई कशी चालायची ते हाय यात."

मग मला राहवेना. मी सगळं सांगितलं.

तिनं रेघेवरचं बोट उचललं.

"आईला माहीत होतं? मी हे बघून थांबले ते?"

"होतं. तुझ्या घरात अडचण नको म्हणायची. पण चित्र मी पाठवलं."

"तुमी दोघं एक नंबरचे लबाड," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.

डोळे पुसून तिनं रस्त्याची रेघ मोठी करून बघितली. डावं पाऊल दर वेळी टेकतं न टेकतं तोच उचललेलं होतं.

"हे आईचं," ती म्हणाली. "त्या मुलीला फोन लावा."

मी लावला, स्पीकरवर टाकला. कॉलेजच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. "बरं झालं सांगितलंत, आजोबा. मी बांधाचा भाग काढून टाकते. पण कारण लिहावं लागेल. आजी दमल्या होत्या का?"

मी 'हो' म्हणणार, तोच लेकीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"दमली नव्हती," ती म्हणाली. "बांधावर जायला भीत होती. तसंच लिहा."