खिट्टीला परत सोडताना

मत्स्यालयातले सगळे त्यांना मामा म्हणतात. एकेकाळचे पक्के पाणबुडे. डाव्या कानाचा पडदा फाटला, डॉक्टरांनी पुन्हा बुडी मारायची नाही म्हणून दम भरला, आणि गेली आठ वर्षं मामा टाक्यांच्या काचा पुसताहेत. समुद्रासाठी जीव तुटतो, पण कबूल करतील तर शपथ.

शेवटच्या बुडीत त्यांनी प्रवाळातून एक मासा आणला होता. ताटलीसारखा चपटा, पिवळ्या ओठांचा, डोळे पार मागे कपाळावर. एक डोळा मामांवर, तर दुसरा खाण्यावर. घाबरला की कपारीत शिरून पाठीवरचा काटा उभारायचा, मग त्याला बाहेर काढायची कुणाची बिशाद नव्हती. मामांनी नाव ठेवलं खिट्टी.

परवा खिट्टीने सफाईवाल्याच्या अंगठ्याचा लचका तोडला. साहेबांनी फर्मान काढलं, नेऊन सोडा प्रवाळात. मामांची मुलगीही समुद्रात बुड्या मारते. ती आज सकाळी बोट घेऊन आली. तोवर स्वारी कपारीत. टाकीतलं पाणी उतरवून तिने आणि एका कामगाराने ओढून पाहिलं, दोघं घामाघूम झाले. साहेब वैतागले. "दुपारपर्यंत निघाला तर ठीक, नाहीतर राहू दे इथेच."

काटा कसा सुटतो हे तिथे एकट्या मामांनाच ठाऊक होतं. चकार शब्द काढला नसता तर खिट्टी त्यांच्याजवळच राहिला असता. समुद्रातलं दुसरं होतंच काय त्यांच्याकडे?

पण रोज सकाळी ते बघत होते ना. वाळूत दडलेलं खाणं उघडं करायला खिट्टी तोंडाने पाण्याची पिचकारी मारायचा, आणि खाली नुसती गुळगुळीत फरशी. आठ वर्षं बिचारा फरशीवर फुंकत होता.

शेवटी मामांनी बाही सरसावली. "ओढता काय रे? मागचा बारका काटा दाबायचा, मोठा आपोआप पडतो." दोन बोटं आत गेली आणि खिट्टी जाळीत आला.

धक्क्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, निदान बोटीत तरी चला. सोडताना बघाल."

मामांनी पाण्याची पेटी तिच्या हातात दिली. "खाली याच्याच जातीचा अंडी राखणारा एखादा अंगावर आला, तर सरळ वर पळू नकोस. अंड्यांवरचं सगळं पाणीही तो आपलंच समजतो. आडवी पोह."

"ते माहितीये मला. येताय ना?"

"नको गं. बोटीत बसलो तर उडी मारीन."